सड्यावर प्लॉट पडायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोली तालुक्यातलं, खाडीपासून आत असलेलं एक गाव. गावाच्या वरच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, साधारण चाळीस एकर जमीन बाहेरच्या एका कंपनीने गेल्या तीन-चार वर्षांत तुकड्यातुकड्याने घेतली. आता तिथे बंगल्यांचे प्लॉट पडणार अशी जाहिरात सुरू झाली आहे. गावकरी विचारतात, ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला तर हे थांबेल का? ‘आम्हाला विकास नको असं नाही, पण गाव गावासारखं राहायला हवं.’

ठरावाने थांबणार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बहुतेक गावांचे पहिले सहा महिने ठराव करण्यात आणि तो वर कुणीतरी वाचेल याची वाट बघण्यात जातात. तेवढ्यात सड्यावर जेसीबी चढलेला असतो.

मी पंचवीस वर्षं कोकणात आर्किटेक्ट म्हणून काम करते. अशा प्लॉटिंगचे लेआउट मी स्वतः काढले आहेत, त्याची फीसुद्धा घेतली आहे. गेली दहा-बारा वर्षं गावांना हरकती लिहून देते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यावर एक गोष्ट पक्की कळली. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला ‘गावपण’ दिसत नाही, त्याला नकाशा दिसतो. गावपणातलं जे नकाशावर काढता येतं, मोजता येतं, सर्व्हे नंबरला बांधता येतं, तेवढं वाचण्याची शक्यता असते. बाकीचं भाषणात राहतं.

ग्रामपंचायतीचा बांधकामावरचा अधिकार मुख्यतः गावठाणाच्या हद्दीतला. तुमचा सडा त्या हद्दीबाहेर आहे. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात गावठाणाबाहेरच्या विकासाला १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १८ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती नगररचना कार्यालयाच्या अभिप्रायावर, डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित नियमावलीप्रमाणे, म्हणजे यूडीसीपीआरप्रमाणे मिळते. अनुसूचित, म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या गावांना ग्रामसभेला जास्त अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचा आधार असतो, तुमच्या तालुक्याला तो नाही. अकृषिक परवानगीचे, म्हणजे एनएचे नियम तर गेल्या काही वर्षांत सैल सैल होत गेले आहेत. कायद्यातल्या एका दुरुस्तीने गावठाणापासून २०० मीटरच्या आतली जमीन राहण्यासाठी अकृषिक झाल्यातच जमा धरली. त्यामुळे ‘एनए होऊच देणार नाही’ या घोषणेवर फार भिस्त ठेवू नका.

त्याआधी एक गोष्ट तपासा. तुमच्या गावाचं नियोजन प्राधिकरण आज नेमकं कोण आहे? २०२४ मध्ये कोकण किनारपट्टीवरच्या १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमल्याची अधिसूचना निघाली आणि किती गावांना ते वर्तमानपत्रातून कळलं. अर्ज चुकीच्या दारात गेला तर दोन महिन्यांनी ‘विषय या कार्यालयाशी संबंधित नाही’ असं पत्र येतं. तालुक्याच्या ठिकाणी सांगोवांगी ऐकू नका, नगररचनेच्या जिल्हा कार्यालयातून लेखी घ्या.

तरीही ठराव करा, पण कसा करायचा ते नीट पाहा. दोन ठराव माझ्या फायलीत शेजारी शेजारी लावलेले आहेत. पहिल्यात लिहिलंय, ‘सदर प्रकल्पामुळे गावाच्या संस्कृतीस व निसर्गास बाधा येणार असल्याने ग्रामसभा तीव्र विरोध करीत आहे.’ दुसरा वेगळ्या गावचा (पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा): ‘सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा तमुक यातून वाहणारा पऱ्या प्रस्तावित लेआउटमध्ये दाखविलेला नाही. हा पऱ्या खालच्या वाडीच्या सार्वजनिक विहिरीस मिळतो. मंजुरीपूर्वी स्थळपाहणी व्हावी.’ पहिल्याला उत्तरच आलं नाही. दुसऱ्याला स्थळपाहणी लागली, कारण तसा कागद फायलीत असताना ती न करता सही करणं अधिकाऱ्याला महागात पडू शकतं.

त्या पाहणीची आठवण सांगते. जमिनीची मोजणी मे महिन्यात झालेली होती. मे महिन्यात सड्यावरचा पऱ्या म्हणजे नुसता काळ्या कातळातला एक खोलगट पट्टा, चार करवंदीच्या जाळ्या आणि थोडी वाळकी शेवाळ. बाहेरून आलेल्या सर्व्हेअरला तो दिसायचं कारणच नव्हतं. लेआउटमध्ये त्याच पट्ट्यावरून नऊ मीटरचा अंतर्गत रस्ता काढला होता. गावातल्या पोरांनी जुलैत त्याच जागी उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढला. गुडघाभर पाणी, आणि मागे कंपनीने रोवलेला चुना मारलेला प्लॉट नंबरचा दगड. एका आजोबांनी तर पऱ्याचं नाव सांगितलं, तो कुठल्या झाडाखालून निघतो तेही सांगितलं. तलाठ्याने पंचनामा केला. लेआउट सुधारून परत आला तेव्हा पऱ्याच्या दोन्ही बाजूंचे अकरा प्लॉट गेले होते आणि मोकळी जागा तिथे सरकली होती. स्कीम रद्द झाली नाही. पण खालच्या विहिरीला आज पाणी आहे.

पाण्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण कोकणात सगळं तिथेच येऊन ठरतं. आपला सडा जांभ्याचा. वर पडणारा तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस बराचसा वाहून जातो, पण जो मुरतो तो जांभ्याच्या भोकांतून खाली उतरून पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने निघतो. तुमच्या वाडीतल्या विहिरी आणि पोफळीची शिंपणी त्यावरच चालते. म्हणजे तुमची विहीर खाली असली तरी तिची टाकी वर सड्यावर आहे, आणि ती टाकी आता दुसऱ्याच्या सातबारावर आहे. सडा कापून सपाट केला, वर लॉन लावून बोअर मारल्या की पहिल्या दोन वर्षांत काही जाणवत नाही, मग मार्चमध्ये झरा आटू लागतो. दुसरी बाजू सेप्टिक टँकची. भोकाळ जांभ्यात शोषखड्डा चांगला चालतो असं मालक आनंदाने सांगतात. का चालतो? कारण ते पाणी खाली तुमच्याकडे येतं.

हिशेब मांडून पाहा. चाळीस एकर म्हणजे १,६०० गुंठे. दहा टक्के मोकळी जागा आणि रस्ते वजा करून साडेअकराशे गुंठे उरले आणि पाच-पाच गुंठ्यांचे प्लॉट पाडले, तर २३० घरं. घरटी पाच माणसं आणि माणशी १३५ लिटर हा शहरी हिशेब धरला तर रोज दीड लाख लिटरच्या वर. बंगले शनिवार-रविवारीच भरतात हे खरं, पण ते भरतात नेमके एप्रिल-मे महिन्यात, आणि त्यात कुणी पोहण्याचा तलाव बांधला की सगळा हिशेब मोडतो. तुमच्या गावाला जलजीवन योजनेत माणशी ५५ लिटर धरलेले आहेत, हे त्याच अर्जात शेजारी लिहा. विकासकाने पाणी कुठून आणणार म्हणून दाखवलं आहे ते मागा. ‘बोअरवेल’ असं उत्तर असेल तर भूजल कायदा काढा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही. तुमच्या नळयोजनेची विहीर आणि सड्याची हद्द यातलं अंतर टेप लावून किंवा मोबाइलच्या नकाशावर मोजा आणि आकडा लिहा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला पाहणीची विनंती करा. मी पाहिलेल्या हरकतींपैकी सर्वांत जास्त फळ देणारी ही.

उताराचंही तसंच. सडा वरून सपाट दिसतो, पण जाहिरातीत सर्वांत महाग प्लॉट असतात ते कडेचे, जिथून खाडी दिसते. नियमावलीत १:५ किंवा त्याहून जास्त उताराच्या जमिनीवर विकास, खोदाई आणि भराव करायला मनाई आहे. लेआउटसोबत समपातळी रेषांचा, म्हणजे चढउतार दाखवणारा नकाशा आहे का, हे बघा. नसेल तर तेवढाच मुद्दा हरकतीला पुरेसा. मंजुरीआधी टेकडी कापून मुरूम दुसरीकडे विकला जात असेल तर ते गौण खनिजाचं प्रकरण होतं आणि महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसू शकतो. तहसीलदारांना तारीख-वेळेसह फोटो द्या, डंपरचे नंबर दिसतील असे. सड्यावर कातळशिल्पं असतील तर ती अजिबात विसरू नका. कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. पुरातत्त्व विभागाला वेळेत कळवलं तर त्या जागेचा प्रश्नच बदलतो.

आता रस्ता. गावातून सड्यावर जाणारा डांबरी रस्ता तुम्हाला पाच मीटरचा दिसतो, कागदावर तो कसा आहे? कोकणात कितीतरी रस्ते लोकांनी तोंडी संमतीने आपल्या हिश्शातून जाऊ दिले, सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे. मोठ्या लेआउटला पोचरस्त्याच्या रुंदीची अट असते, आणि तो रुंद करायचा तर त्या लोकांची लेखी संमती लागते. मी पाहिलेल्या एका गावात विकासकाचा माणूस घरोघरी ‘रस्ता चांगला करून देतो’ म्हणत स्टॅम्पपेपरवर सह्या घेत फिरत होता. बहुतेकांनी दिल्या. ग्रामसभेला हे कळलं तेव्हा गावाच्या हातातली सर्वांत मोठी चावी आधीच दिली गेली होती. सही करण्याआधी कागद चारचौघांत वाचा, एवढं तरी ठरवून टाका.

आणि पायवाटा. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा काढा. त्यावर गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. गुरांची वाट, स्मशानाची वाट, शिमग्यात पालखी सड्यावरून शेजारच्या वाडीला जाते ती वाट, या सगळ्या शोधा. एका गावी शिमग्याला पालखी घेऊन माणसं गेली तर समोर लोखंडी गेट, आणि आतला वॉचमन परप्रांतातला, बिचारा घाबरून गेलेला. त्याने साहेबांना फोन लावला, साहेब उचलेनात. पालखी खांद्यावर, ढोल वाजतायत आणि गेट बंद. शेवटी गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचं कुंपण, उतरवून पालखी आत नेली. त्या रात्री नुसती भांडणं झाली, पण मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दावा लावायचा राहून गेला. वहिवाटीचा शेताचा रस्ता किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला तर त्या कायद्याने अडथळा काढून मिळू शकतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. ते गाव सातव्या महिन्यात माझ्याकडे आलं. मग दिवाणी न्यायालय, वकील, तारखा, हे ओघानेच आलं.

कंपनीची कागदपत्रं कशी मिळवायची, हा पुढचा प्रश्न. प्लॉटिंगची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर महारेराची, म्हणजे स्थावर संपदा प्राधिकरणाची नोंदणी लागते, आणि नोंदणी झाली की मंजूर लेआउट संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. जाहिरात चालू आणि नोंदणी नाही, तर तिथेच तक्रार करा. काही मंडळी ही कटकट टाळायला लेआउटच करत नाहीत. जमीन शेतीच ठेवतात आणि सामाईक हिश्श्याचे गुंठे विकतात, आत तारेचं कुंपण मारून ‘फार्म प्लॉट’ म्हणतात. अशा वेळी तुकडेबंदी (शेतजमिनीचे फार लहान तुकडे करून विकण्यावरची बंदी) आणि शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेण्यावरचं कुळकायद्याचं कलम ६३, या दोन गोष्टी तपासायच्या. फेरफार नोंदी तलाठ्याकडे लागलेल्या असतात. नोटीस चावडीवर लागते, ती वाचायला कुणी जात नाही. आळीपाळीने एकेकाने जायचं ठरवा.

ग्रामसभेचं तांत्रिकही सांभाळा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. ठराव सभेतच शब्दशः वाचून घ्या आणि प्रोसिडिंगमध्ये लिहून झाल्यावर खाली रेघ मारलेली पाहा. ठराव आणि सह्या यांच्यामध्ये मोकळ्या ओळी सोडलेल्या असतात. त्या ओळींचं पुढे काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

इतरांनी हे कसं केलं, हे नेहमी विचारलं जातं. मी वसईचं उदाहरण देते, कारण ते जवळचं आहे आणि त्यात जिंकणं-हरणं दोन्ही आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटी वसईच्या बागायती पट्ट्यात बांधकामं घुसायला लागली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. त्यांच्या लढ्याचा कणा पाणी होता. वाड्यांतल्या विहिरींतून टँकर भरून इमारतींना पाणी जायचं आणि विहिरी मचूळ व्हायच्या. हे प्रत्येकाला स्वतःच्या रहाटाशी कळत होतं, त्यामुळे केळी-पानवेलीचा बागायतदार, बायाबापड्या, सगळे रस्त्यावर आले. पुढे २००९ मध्ये महापालिका झाली तेव्हा आपली गावं वगळा म्हणून पुन्हा आंदोलन झालं, आणि तो प्रश्न पुढे कित्येक वर्षं शासन आणि न्यायालय यांच्यात फिरत राहिला. २०१६ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाची प्रारूप प्रादेशिक योजना आली तर एकट्या वसईतून हजारो हरकती गेल्या. आज वसई रोड स्टेशनला उतरलात तर तुम्ही म्हणाल, काय वाचवलं यांनी? पण तिथून रिक्षाने पश्चिमेला निर्मळ, भुईगावकडे जा. बावखलं, म्हणजे वाड्यांतली गोड्या पाण्याची तळी आहेत, वाड्या आहेत. जे आहे ते त्या लोकांमुळे आहे.

दुसरं गोव्याचं. ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झालेल्या प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि २००७च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. नंतर चार्ल्स कोरिया यांच्यासारखे लोक असलेल्या कृती दलाने नवा आराखडा केला, त्यात गावपातळीचे नकाशे पंचायतींकडे पाठवून लोकांचं म्हणणं मागवलं. असं काम देशात फार थोड्या ठिकाणी झालं आहे. पण गोष्ट तिथे संपली नाही. २०२३ मध्ये नगर व ग्राम नियोजन कायद्यात १७(२) हे कलम आलं आणि आराखड्यातल्या ‘चुका दुरुस्त’ करण्याच्या नावाखाली एकेका प्लॉटचा झोन बदलू लागला. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. आपल्याकडेही कलम २० खाली प्रादेशिक योजनेत असे फेरबदल होतात. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस येते, हरकतीला मुदत असते, आणि ती नोटीस बहुधा तुमच्या गावात कुणीच घेत नाही अशा पेपरात येते. हे वाचण्याचं काम पगारी माणसासारखं कुणीतरी अंगावर घ्यायला हवं. निवृत्त शिक्षक या कामाला उत्तम, हा माझा अनुभव.

आता थोडं अप्रिय. ही चाळीस एकर कुणी विकली? कंपनीने आकाशातून घेतली नाही. तुमच्याच भावकीने विकली, आणि त्यातल्या काहींना मुलीच्या लग्नाला, बापाच्या दवाखान्याला पैसे हवे होते. त्यांना गावद्रोही ठरवून सभा सुरू केलीत तर अर्धं गाव घरी बसेल. शिवाय गाव गावासारखं राहावं असं सर्वांत मोठ्याने म्हणतात ते आमचे मुंबईचे चाकरमानी. त्यांना गणपतीत पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढताना बरं वाटतं, पण गावात बारा महिने राहणाऱ्या बाईला डोक्यावर हंडा घेऊन तीच पाखाडी चढायची असते. मोबाइलला रेंज, घरापर्यंत रिक्षा, मुलाला तालुक्यात नोकरी, या मागण्या गावपणाच्या विरोधात नाहीत. सभेत या लोकांना आधी बोलू द्या. वाडीतल्या बायकांना तर विशेषतः, कारण कुठली विहीर कधी आटते हे त्यांनाच तारखेवार माहीत असतं.

आणखी एक. गावाची तरुण मुलं घर बांधायला भातखाचरात उतरली आहेत का, ते बघा. गावठाण वाढवलेलं नाही, वडिलोपार्जित घरात पाच भावांचे हिस्से, मग तो बिचारा खाचर भरून दोन मजली स्लॅब टाकतो. कंपनीच्या प्लॉटिंगइतकंच गाव यानेही बदलतं, पण त्यावर ठराव होत नाही. गावठाण विस्ताराचा प्रस्ताव पाठवा, सड्याच्या पायथ्याची झऱ्यांची जमीन सोडून, आणि तो कंपनीविरुद्धच्या हरकतीसोबतच पाठवा. ‘आम्हाला घरं कुठे हवीत ते आम्ही दाखवलं आहे’ हे वाक्य नगररचना कार्यालयात खूप वजनदार ठरतं. मी एकदा एका अधिकाऱ्याला ते वाचून खुर्चीत सरळ बसताना पाहिलं आहे.

तुमच्या ठिकाणी स्कीम पूर्ण थांबेल असं मला वाटत नाही. पण पऱ्याच्या दोन्ही कडा आणि झऱ्यावरचा भाग मोकळा ठेवणं, कडेचे उताराचे प्लॉट रद्द होणं, बोअरऐवजी पावसाचं पाणी साठवण्याची सक्ती, सांडपाण्यावर प्रक्रिया, वाटांवर गेट नाही, पक्क्या कंपाउंडऐवजी कंबरेएवढा जांभ्याचा गडगा, या अटी परवानगीत लिहून घेता येतात. शेवटची अट नियमावलीत नाही, पण विकासकाला गावाशी भांडण नको असतं आणि गडगा त्याला स्वस्तही पडतो. दोन ठिकाणी तो मान्य झालेला मी पाहिला आहे.

सुरुवात करायला माहितीच्या अधिकाराचा अर्जही लागत नाही. २०१८च्या शासन निर्णयाने जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली पाहू द्यायच्या आहेत. कारकून ‘साहेब मीटिंगला गेलेत’ म्हणेल. त्या शासन निर्णयाची प्रत जवळ ठेवा. जाताना गावनकाशा न्या, नळयोजनेच्या विहिरीचा सर्व्हे नंबर लिहून न्या, आणि पऱ्याचं नाव माहीत असलेलं कुणीतरी एक माणूस सोबत न्या.